कागदोपत्री धडधाकट: एका आश्रय अर्जदाराचे प्रकरण आणि ‘असुरक्षित’ या शब्दाची व्याख्या

हे प्रकरण का निवडले

स्थलांतराच्या आंतरराष्ट्रीय धोरणात ‘व्हल्नरेबल’ हा शब्द पानोपानी भेटतो. मराठीत त्याला कोणी ‘दुर्बल’ म्हणते, कोणी ‘असहाय’, कोणी ‘असुरक्षित’. दुर्बल म्हटले की उणेपण त्या माणसाच्या अंगातच आहे असा अर्थ होतो. असुरक्षित म्हटले की नजर त्याच्या अवतीभवती जाते: त्याला कोणी काय नाकारले, कुठे अडवले, कशाच्या भरवशावर सोडून दिले. धोरणकर्त्यांमधला बराचसा वाद या दोन अर्थांमधलाच आहे. निवाऱ्यात जागा कोणाला द्यायची, कोणाला कोठडीत ठेवायचे नाही, कोणाला विमानात बसवून परत धाडायचे, हे त्या एका शब्दावर ठरते. या लेखात मी ‘असुरक्षित’ हाच शब्द वापरला आहे आणि तो जाणूनबुजून निवडला आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने २१ जानेवारी २०११ रोजी ज्या दाव्याचा निकाल दिला, त्यातल्या अर्जदाराचे नाव गुप्त ठेवलेले आहे. जगाला तो एम. एस. एस. या आद्याक्षरांनीच माहीत आहे. दावा बेल्जियम आणि ग्रीस या दोन देशांविरुद्ध होता. अर्जदार लहान मूल नव्हता, वृद्ध नव्हता, त्याच्यासोबत लेकरेबाळे नव्हती. एकटा, प्रौढ, हिंडताफिरता पुरुष. असुरक्षिततेची कुठलीही व्याख्या पारखायची तर ती अशा माणसावर पारखावी, असे मला वाटते. पोरक्या बालकाबद्दल कोणाचेच दुमत नसते.

पार्श्वभूमी

हा माणूस अफगाण. काबूलमध्ये तैनात असलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई दलाच्या तुकड्यांसाठी तो दुभाष्याचे काम करत असे. त्या कामाचा सूड म्हणून तालिबानने आपल्याला ठार मारण्याचा प्रयत्न केला, असे त्याचे सांगणे होते. २००८ च्या सुरुवातीला त्याने काबूल सोडले, दलालाला १२,००० डॉलर मोजले आणि इराण व तुर्कस्तानमार्गे तो ग्रीसच्या लेसवॉस बेटावर पोहोचला. ७ डिसेंबर २००८ रोजी तिथल्या मायटिलिनी शहरात त्याच्या बोटांचे ठसे घेण्यात आले. आठवडाभर कोठडी, मग देश सोडून जाण्याचा लेखी हुकूम आणि सुटका. ग्रीसमध्ये त्याने आश्रय मागितला नाही.

पुढे फ्रान्समार्गे तो बेल्जियमला गेला आणि १० फेब्रुवारी २००९ रोजी तिथे त्याने आश्रयासाठी अर्ज केला. बेल्जियमच का, या प्रश्नाला त्याचे उत्तर साधे होते. नाटोच्या बेल्जियन सैनिकांशी त्याचा कामानिमित्त संबंध आला होता आणि ती माणसे त्याला मनमोकळी वाटली होती. पण त्याचे ठसे युरोडॅक या सामायिक नोंदप्रणालीत टाकताच मायटिलिनीची नोंद वर आली आणि प्रकरणाची दिशाच बदलली.

त्या वेळी युरोपीय संघात २००३ चा डब्लिन नियम लागू होता. आश्रयाचा अर्ज कोणी तपासायचा हे तो ठरवत असे. एखादी व्यक्ती ज्या देशाच्या सीमेवरून बेकायदा आत आली, सर्वसाधारणपणे त्याच देशावर ती जबाबदारी पडत असे. यामागे एक मोठे गृहीतक होते: संघातला प्रत्येक देश आश्रयार्थींना सारख्याच नेकीने वागवतो. वास्तव तसे नव्हते. ग्रीसमध्ये २००८ साली पहिल्या टप्प्यावर निर्वासित दर्जा मिळालेल्यांची संख्या ११ होती. अर्जांच्या प्रमाणात ०.०४ टक्के. आश्रयार्थी हजारोंच्या संख्येने येत होते आणि निवारा केंद्रांत एक हजाराहूनही कमी जागा होत्या.

नेमका प्रश्न काय होता

१९५१ च्या निर्वासित करारात ‘व्हल्नरेबल’ हा शब्द नाही. तो करार छळाच्या भीतीबद्दल बोलतो. असुरक्षिततेची यादी आली ती नंतरच्या, स्वागत आणि निवाऱ्याच्या नियमांत. या प्रकरणाच्या काळात लागू असलेल्या २००३ च्या युरोपीय निर्देशाचे १७ वे कलम ती यादी देते: अल्पवयीन, सोबतीला कोणी नसलेली मुले, अपंग, वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलांसह एकटे असलेले पालक आणि ज्यांनी छळ, बलात्कार किंवा तसाच गंभीर हिंसाचार सोसला आहे असे लोक.

यादीचा हेतू चांगला आहे. कमी पलंग आणि खूप माणसे असली की कोणाला तरी आधी घ्यावेच लागते, आणि ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा लिहून ठेवलेले बरे. पण यादी एकदा झाली की ती दुसरेही एक काम करू लागते. आत कोण, हे सांगतानाच बाहेर कोण, हेही ती ठरवते. ग्रीसमध्ये प्रौढ पुरुषाला निवाऱ्यात जागा मिळण्याची शक्यता जवळपास शून्य होती. फेब्रुवारी ते एप्रिल २०१० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने डब्लिन नियमाखाली ग्रीसला परत धाडलेल्या ज्या लोकांना विचारले, ते सगळेच्या सगळे बेघर होते. यातला कोणी पाहणीच्या आदल्या दिवशी ‘दुर्बल’ झाला नव्हता. त्यांना या अवस्थेत आणले ते व्यवस्थेने.

तेव्हा प्रश्न असा उरला: ज्याच्या अंगावर यादीतली एकही खूण नाही, पण ज्याला भाषा येत नाही, ज्याच्याजवळ पैसा नाही, पत्ता नाही आणि ज्याच्या अर्जाचा निकाल कधी लागेल हे कोणी सांगू शकत नाही, तो असुरक्षित आहे की नाही?

बेल्जियमसमोरचे पर्याय

१८ मार्च २००९ रोजी बेल्जियमने ग्रीसला कळवले की हा अर्जदार तुमचा, तुम्ही घ्या. नियमानुसार दोन महिन्यांत उत्तर आले नाही तर होकार समजायचा. ग्रीसकडून उत्तर आले नाही. मौनाला संमती मानणारी ही तरतूद कामाचा निपटारा व्हावा म्हणून केलेली. इथे मात्र तिच्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली: ज्या कारभाराला साध्या पत्राचे उत्तर देता येत नव्हते, तोच या माणसाची नीट काळजी घेईल असे गृहीत धरले गेले.

मधल्या काळात, २ एप्रिलला, निर्वासित उच्चायुक्तालयाने बेल्जियमच्या संबंधित मंत्र्यांना पत्र लिहिले. ग्रीसमधली आश्रयाची प्रक्रिया आणि राहण्याची स्थिती सदोष आहे, तिकडे लोकांना पाठवणे थांबवा, असा त्याचा आशय. एवढ्या अधिकाराच्या संस्थेने नाव घेऊन दिलेला इशारा टेबलावर होता.

बेल्जियमला तीन वाटा मोकळ्या होत्या. पहिली, डब्लिन नियमाच्या तिसऱ्या कलमातली सार्वभौमत्वाची तरतूद वापरून अर्ज स्वतःच तपासायचा. नियम तशी मुभा देत होता. दुसरी, पाठवणी रोखून ग्रीसकडून या एका माणसापुरती लेखी हमी मागायची: तो उतरल्यावर कुठे राहील, अर्ज कोण घेईल, दुभाष्या मिळेल का. तिसरी, नियमाचे यंत्र चालू द्यायचे.

तिसरी वाट निवडली गेली. १९ मे रोजी देश सोडण्याचा आदेश निघाला आणि अर्जदाराला बंदिस्त केंद्रात ठेवण्यात आले. बेल्जियमच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की त्यांच्याकडे एक भक्कम आधार होता. डिसेंबर २००८ मध्ये याच मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनविरुद्धच्या के. आर. एस. प्रकरणात ग्रीसला पाठवणी करण्यास हरकत घेतली नव्हती. अवघे सहा महिने जुना निर्णय. कोणत्याही सरकारी वकिलाने तो दाखवलाच असता.

२९ मे ही पाठवणीची तारीख ठरली. त्याच दिवशी तातडीच्या अपिलाची सुनावणी लागली, अर्जदाराचे वकील हजर नव्हते आणि गैरहजेरीच्या कारणावरून अपील फेटाळले गेले. अर्जदाराने विमानात बसायला नकार दिला. नवी तारीख पडली १५ जूनची.

४ जूनला अखेर ग्रीसकडून कागद आला. छापील नमुन्यातला. हा अर्जदार आमची जबाबदारी आहे आणि त्याची इच्छा असल्यास तो ग्रीसमध्ये पोहोचल्यावर अर्ज करू शकतो, एवढाच मजकूर. न्यायालयाने नंतर या कागदाकडे बारकाईने पाहिले आणि दोन गोष्टी नोंदवल्या. पाठवणीचा निर्णय आधी झाला, कागद नंतर आला. आणि त्या कागदात या माणसाबद्दल वेगळे असे एक अक्षरही नव्हते.

११ जूनला तो मानवी हक्क न्यायालयात गेला. १२ जूनला न्यायालयाने बेल्जियमला थांबवणारा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला आणि ग्रीस आपली कर्तव्ये पाळेल असा विश्वास ग्रीसला पत्राने कळवला. १५ जूनला विमान अथेन्सला उतरले.

अथेन्समध्ये काय घडले

विमानतळाला लागून असलेल्या इमारतीत त्याला कोठडीत टाकण्यात आले. त्याच्या सांगण्यानुसार लहानशा जागेत आणखी वीस जण, शौचालयाला जायचे ते पहारेकऱ्याची मर्जी होईल तेव्हा, उघड्या हवेत पाय ठेवायचा नाही, खायला जेमतेम, झोपायला मळकी गादी किंवा नुसती फरशी. १८ जूनला सुटका झाली. हातात आश्रय अर्जदाराचे गुलाबी कार्ड देण्यात आले आणि दोन दिवसांत अॅटिका पोलिसांच्या आश्रय विभागात जाऊन राहण्याचा पत्ता नोंदवण्यास सांगण्यात आले.

सगळे प्रकरण मला या एका जागी गोळा झालेले दिसते. अर्ज पुढे सरकण्यासाठी पत्ता हवा. पत्त्यासाठी घर हवे. घर सरकारने द्यायचे, पण ते मागायलाही आधी कार्यालयात जायला हवे, आणि कार्यालयाची सूचना तर पत्ता घेऊन या अशी. तो गेलाच नाही, कारण सांगायला पत्ता नव्हता. ग्रीक सरकारने नंतर ठासून सांगितले की तो आला असता तर बेघर असल्याचे नोंदवता आले असते, चूक त्याचीच. न्यायालयाने ती सूचना वाचली आणि ती संदिग्ध असल्याचे ठरवले: पत्ता असेल तरच या, असा अर्थ कोणीही घेतला असता. शिवाय अथेन्समधले बहुतेक आश्रयार्थी बेघर आहेत हे अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे म्हणताच येत नाही.

तो शहराच्या मध्यभागातल्या एका बागेत इतर अफगाण लोकांसोबत राहू लागला. खाणे, आंघोळ, झोप, सगळ्याचीच वानवा. रात्री कोणी मारहाण करून लुटेल ही धास्ती कायमची.

१ ऑगस्टला त्याने बनावट बल्गेरियन ओळखपत्रावर देश सोडण्याचा प्रयत्न केला. पकडला गेला, त्याच विमानतळाजवळच्या इमारतीत पुन्हा आठवडाभर. ग्रीक न्यायालयाने दोन महिन्यांची कैद सुनावली, ती तीन वर्षांसाठी स्थगित ठेवून. ही घटना असुरक्षिततेच्या व्याख्येच्या दृष्टीने फार बोलकी आहे. निवारा नाही म्हणून माणूस पळतो, पळतो म्हणून गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हा नोंदला की सहानुभूतीच्या रांगेत आणखी मागे जातो. संकटात सापडलेला माणूस हात जोडून बसून राहील अशी आपली अपेक्षा असते. तो हातपाय हलवू लागला की तो संकटात नाहीच असे वाटू लागते. ग्रीक सरकारनेही हाच युक्तिवाद केला: त्याच्याकडे पैसे होते, ते त्याने राहण्यावर खर्च करण्याऐवजी पळून जाण्यावर खर्च केले.

१८ डिसेंबर २००९ रोजी तो पोलिस ठाण्यात गेला. कार्डाचे नूतनीकरण झाले आणि तो बेघर असल्याची नोंद एकदाची कागदावर आली. जानेवारी २०१० मध्ये संबंधित मंत्रालयाने कळवले की मागणी फार असल्याने शोधाला उशीर झाला, जागा मिळाली होती, पण त्याचा पत्ताच नसल्याने त्याला ते कळवता आले नाही.

जून २०१० मध्ये आणखी एक कागद हातात पडला. त्यावर २ जुलैच्या मुलाखतीची तारीख होती. कागद ग्रीक भाषेत. दुभाष्या हजर होता, पण मुलाखतीबद्दल तो काही बोललाच नाही, असे अर्जदाराने वकिलांना सांगितले. २ जुलै उलटून गेली. ज्याने इतरांसाठी दोन भाषांमध्ये पूल बांधण्याचे काम केले आणि त्यापायी देश गमावला, त्याची स्वतःची मुलाखत न कळलेल्या भाषेतल्या एका ओळीमुळे हुकली.

त्या उन्हाळ्यात त्याने इटलीकडे निघण्याचा प्रयत्न केला. पोलिसांनी पकडून आपल्याला तुर्कस्तानच्या सीमेपर्यंत नेले होते, पण पलीकडे तुर्की पोलिस असल्याने ऐनवेळी तो बेत सोडला, असे त्याने कळवले. वकिलांपर्यंत ही बातमी मोबाइलवरच्या संदेशाने पोहोचली.

निकाल

महापीठाने ग्रीसला दोषी धरले: कोठडीतल्या वागणुकीबद्दल एकमताने आणि राहणीच्या स्थितीबद्दल सोळा विरुद्ध एक मताने. दोन्ही ठिकाणी युरोपीय मानवी हक्क करारातले तिसरे कलम, म्हणजे अमानुष किंवा अवमानकारक वागणुकीची मनाई, मोडली होती. बेल्जियमही दोषी ठरले, कारण ग्रीसमध्ये काय वाट्याला येईल हे माहीत असून किंवा माहीत असायला हवे असून त्याने या माणसाला तिकडे पाठवले. प्रभावी दाद मागण्याची सोय दोन्ही देशांत नव्हती, असेही न्यायालयाने म्हटले. नैतिक हानीपोटी ग्रीसने १,००० युरो आणि बेल्जियमने २४,९०० युरो द्यावेत असा आदेश झाला. पाठवणाऱ्या देशावरचा हा आकडा पुष्कळांना चकित करून गेला. ग्रीसने त्याला हद्दपार न करता त्याच्या अर्जाची गुणवत्तेवर विनाविलंब तपासणी करावी, असेही सांगण्यात आले.

व्याख्येच्या दृष्टीने कळीचा भाग वेगळाच आहे. न्यायालयाने आधी स्पष्ट केले की तिसऱ्या कलमातून प्रत्येकाला घर देण्याचे बंधन निघत नाही. मग ते म्हणाले की अर्जदार हा आश्रय अर्जदार आहे, आणि म्हणूनच तो विशेष संरक्षणाची गरज असलेल्या, वंचित आणि असुरक्षित लोकसमूहाचा घटक आहे. वय, आजार, गरोदरपण यांपैकी काहीही नसताना केवळ आश्रय मागण्याची अवस्था असुरक्षिततेसाठी पुरेशी मानली गेली. त्यावर न्यायालयाने त्याची प्रत्यक्ष हालत ठेवली: महिनोन्‌महिने अन्न, स्वच्छता आणि निवारा या प्राथमिक गरजा भागत नाहीत, हल्ल्याची भीती आणि यात बदल होईल अशी कसलीच आशा नाही. मला यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाल किती, याइतकेच ते कधी संपणार याची अनिश्चितताही माणसाला मोडते, हे न्यायालयाने ओळखले.

एका न्यायमूर्तींची असहमती

राहणीच्या मुद्द्यावर एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती म्हणजे हंगेरीचे आंद्राश शायो. त्यांचा आक्षेप टाकून देण्यासारखा नाही आणि हे प्रकरण शिकवताना तो गाळला जातो याचे मला वाईट वाटते. त्यांचे म्हणणे असे की असुरक्षित समूह ही संकल्पना रोमा समाजासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या पूर्वग्रह आणि बहिष्कार सोसलेल्या लोकांसाठी वापरली गेली. आश्रय अर्जदार हा तसा एकजिनसी समूह नाही. त्यांत कोणी खूप असुरक्षित असेल, कोणी नसेल. सगळ्यांनाच तसे म्हटले तर राज्यसंस्थेवर सर्वांना निवारा पुरवण्याचे सरसकट बंधन येण्याला फारसे अंतर उरत नाही.

हा आक्षेप प्रत्यक्ष कामात रोज उभा राहतो. सगळेच असुरक्षित असतील तर एक हजारांहून कमी पलंगांपैकी पहिला कोणाचा? गरोदर बाई आणि हा दुभाष्या एकाच रांगेत उभे राहिले तर? मला वाटते, न्यायालयाने दोन पातळ्यांची सरमिसळ नीट उलगडली नाही. किमान माणुसकीची वागणूक ही एक पातळी. तिथे यादी लागताच कामा नये. विशेष सोय ही दुसरी. तिथे गरज पाहून क्रम लावावाच लागतो. ग्रीसमध्ये पहिली पातळीच कोसळली होती आणि दुसरीची यादी तिच्या जागी वापरली जात होती. यादीत नाही म्हणजे बागेत झोपा.

पुढे व्याख्येचे काय झाले

निकालानंतर ग्रीसकडे होणाऱ्या पाठवण्या थांबल्या. २१ डिसेंबर २०११ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानेही व्यवस्थेतच दोष असेल तर पाठवणी करता येणार नाही असे ठरवले आणि २०१३ च्या सुधारित डब्लिन नियमात ते आले. ग्रीसने २०११ मध्ये कायदा करून आश्रयाचे काम पोलिसांकडून काढून स्वतंत्र सेवेकडे दिले. ती जून २०१३ मध्ये सुरू झाली. एका बेघर माणसाच्या दाव्यातून एवढे हलले.

पण व्याख्या पुन्हा आकसली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ताराखेल प्रकरणात सहा मुले असलेल्या अफगाण कुटुंबाला इटलीत पाठवण्याआधी स्वित्झर्लंडने खास हमी घ्यावी, असे मानवी हक्क न्यायालयाने सांगितले. जून २०१५ मध्ये ए. एस. विरुद्ध स्वित्झर्लंड या प्रकरणात एकट्या पुरुषाच्या पाठवणीला मात्र हरकत घेतली नाही. डिसेंबर २०१६ च्या ख्लैफिया निकालात लांपेदुसा बेटावर ठेवलेल्या तीन ट्युनिशियन तरुणांबाबत म्हटले गेले की ते आश्रय अर्जदार नाहीत, त्यामुळे त्या दर्जासोबत येणारी असुरक्षितता त्यांना नाही, आणि ते वृद्ध नाहीत, अल्पवयीनही नाहीत. यादी मागच्या दाराने परत आली.

जागतिक पातळीवर प्रवाह उलट दिशेने वाहत होता. निर्वासित आणि स्थलांतरितांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९ सप्टेंबर २०१६ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात स्त्रिया, मुले, अपंग, वांशिक अल्पसंख्याक, मानवी तस्करीचे बळी अशी लांबलचक यादीच आहे. पण डिसेंबर २०१८ मध्ये १५२ देशांच्या मतांनी संमत झालेल्या स्थलांतरविषयक जागतिक सहमतीपत्राच्या सातव्या उद्दिष्टात भाषा बदलली. तिथे असुरक्षित परिस्थितीत सापडलेले स्थलांतरित असा शब्दप्रयोग आहे, आणि ती परिस्थिती प्रवास कसा झाला यातून तसेच मूळ, वाटेतल्या व मुक्कामाच्या देशातल्या स्थितीतून उद्भवू शकते असे म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने मांडलेली तत्त्वेही तीन उगम सांगतात: देश का सोडावा लागला, वाटेत आणि पोहोचल्यावर काय घडले, आणि त्या व्यक्तीची स्वतःची ओळख व अवस्था. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या आराखड्यात व्यक्ती, कुटुंब, समुदाय आणि व्यवस्था असे चार थर आहेत, आणि प्रत्येक थरात धोक्यासोबत तग धरण्याची ताकदही मोजायची असते. एम. एस. एस.च्या बाबतीत हे मोजले तर गंमत नव्हे, सत्य असे निघते की व्यक्तीच्या थरात त्याची ताकद भरपूर होती. भाषा, धाडस, चिकाटी. व्यवस्थेचा थर मात्र पुरता ढासळलेला होता. मात्र हे सहमतीपत्र कोणाला बांधील करत नाही. न्यायालयात घेऊन जाता येते ते यादी असलेले निर्देश.

वेगळे काय करता आले असते

बेल्जियमच्या टेबलावर उच्चायुक्तालयाचे पत्र आले त्या दिवशीच मौनाला होकार मानणे थांबवायला हवे होते. सार्वभौमत्वाची तरतूद वापरणे राजकीयदृष्ट्या जड वाटले असेल हे समजू शकते. पण चार नेमके प्रश्न लिहून पाठवणे आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत विमानाचे तिकीट न काढणे, हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या हातात होते.

मानवी हक्क न्यायालयालाही १२ जूनचा निर्णय वेगळा देता आला असता. विश्वास व्यक्त करणारे पत्र ही हमी नसते. वीस दिवसांनी, २ जुलैला, न्यायालयाला ग्रीसविरुद्ध अंतरिम आदेश द्यावा लागला. तोवर तो माणूस बागेत झोपत होता.

वकिलांची गैरहजेरी हा असा दुवा आहे की त्याकडे कोणी मोठ्या धोरणात पाहत नाही. बंदिस्त केंद्रातल्या माणसाला वकिलाशी कसे आणि कधी बोलायचे हे नीट सांगितले नव्हते. अपिलाचा हक्क कागदावर होता, तो वापरायला लागणारे काही तास नव्हते.

आणि अथेन्स विमानतळावर त्याला दिलेली पत्त्याची ती सूचना. पत्ता कोणता, याऐवजी आज रात्री कुठे झोपणार, असा प्रश्न फॉर्मवर असता तर उत्तर म्हणून ‘कुठेच नाही’ लिहिता आले असते आणि ते उत्तर नोंद म्हणून उभे राहिले असते. त्याला ती नोंद मिळवायला सहा महिने लागले. असुरक्षिततेची तपासणी एकदाच, पहिल्या दिवशी, ठराविक रकाने भरून करण्यात हाच धोका आहे. १५ जूनला विमानातून उतरलेला माणूस आणि डिसेंबरमध्ये पोलिस ठाण्यात आलेला माणूस एकच होता, त्याची अवस्था एक नव्हती. आज निर्देशांत विशेष गरजांची तपासणी वेळेत करण्याचे आणि गरज नंतर दिसली तरी दखल घेण्याचे बंधन आहे. फॉर्म भरून घेणाऱ्याला त्यासाठी दुभाष्या आणि अर्धा तास मिळतो का, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागते.

ग्रीसकडच्या पाठवण्या कायमच्या थांबल्या नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये युरोपीय आयोगाने शिफारस केली की १५ मार्च २०१७ पासून ग्रीसमार्गे बेकायदा आत येणाऱ्यांची पाठवणी हळूहळू पुन्हा सुरू करावी. प्रत्येक व्यक्तीमागे ग्रीसने हमी द्यावी, ती व्यक्ती निर्देशानुसार वागवली जाईल असे आधी कळवावे. ४ जून २००९ च्या छापील कागदापेक्षा हे पाऊल पुढचे आहे. त्याच शिफारशीत असेही होते की असुरक्षित अर्जदारांना आणि सोबतीला कोणी नसलेल्या मुलांना तूर्त पाठवू नये. म्हणजे पाठवायचे ते उरलेल्यांना: एकटा, प्रौढ, यादीत न बसणारा पुरुष.